फांद्या दिसल्या होत्या

(स्नेहमेळावा, माणगाव, २६ जानेवारी २०२५. दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर.)



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझी ओळख 'मोटार शर्यतींतले तज्ज्ञ' अशी करून दिली. ते आधी दुरुस्त करतो, नाहीतर जेवणाच्या वेळी तुम्ही माझी सालं काढाल. मी शर्यतीत कधीही गाडी चालवलेली नाही. पुण्यात कारखान्यात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी रॅलींमध्ये मार्शल म्हणून उभा राहिलो. मार्शल म्हणजे उन्हात, धुळीत, हातात झेंडा घेऊन उभा असलेला माणूस. पगार नाही. डबा मिळतो, तो कधी कधी दुपारी तीनला. पीटीच्या सरांनी आठवीत मला क्रीडास्पर्धेत मैदानाच्या कडेला झेंडा देऊन उभं केलं होतं, कारण धावण्यात मी शेवटून दुसरा आलो होतो. म्हणजे चाळीस वर्षांत प्रगती अशी काही झालेली नाही.

मला सांगितलंय की शर्यतीतल्या चालकांचे नियम आणि सुरक्षितता यावर बोल, आणि पोरांना समजेल असं बोल. बोलतो. पण मध्येच एक माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे. ती सांगायला ३६ वर्षं लागली. ज्याची ती गोष्ट आहे तो तिसऱ्या ओळीत बसलाय. त्याची परवानगी घेतलीय. अट एकच, स्मरणिकेत नाव छापायचं नाही.

लोकांना वाटतं शर्यत म्हणजे जो सगळ्यांत जोरात पळवेल तो जिंकला. माझीही हीच समजूत होती. १९९२ साली कारखान्यातले एक वरिष्ठ मला नाशिकच्या रॅलीला घेऊन गेले आणि पहिल्याच सकाळी ती समजूत उडाली. रॅलीत गाड्या बंद केलेल्या रस्त्यावर घड्याळाविरुद्ध पळतात, त्याला स्पेशल स्टेज म्हणतात. पण एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला जायचं ते तुमच्याआमच्या रस्त्यावरून, एसटी, बैलगाड्या, शाळेची पोरं यांच्यामधून. तिथे त्यांना वाहतुकीचे सगळे नियम लागू. प्रत्येक टप्प्याला वेळ ठरवून दिलेली असते आणि चालकाने वेळपत्रिकेवर शिक्का बरोबर त्या मिनिटाला घ्यायचा. उशीर झाला तर मिनिटाला १० सेकंदांचा दंड. आणि लवकर पोचलात तर? मिनिटाला पूर्ण एक मिनिट. सहापट!

मी त्या वरिष्ठांना विचारलं, साहेब, हे उलटं छापलंय का? ते म्हणाले, नाही. उशिरा येणाऱ्याचं काहीतरी बिघडलं असेल. लवकर येणारा कुणाच्या तरी गावातून भरधाव आलाय.

आपल्या महामार्गावर हा नियम लावला तर गणपतीला मुंबईहून येणारे निम्मे चाकरमानी दंड भरतील. उरलेले निम्मे माणगावच्या कोंडीत अडकलेले असतील, त्यांना तसाही दंड झालेलाच आहे.

दुसरी गोष्ट, शर्यतीआधीची तपासणी. गाडी तपासतात तसाच माणूसही तपासतात. हेल्मेटवर कोणत्या मानकाचा शिक्का आहे, आग न लागणारा पोशाख आहे का, आतले कपडेसुद्धा आग सोसणारे आहेत का. मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावरून हेल्मेटला जोडलेली एक पट्टी असते. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा. बाहेरच्या माणसालासुद्धा इंजिन बंद करता यावं म्हणून बाहेर बटण. अंगावर दागिने चालत नाहीत. २०२२ साली लुईस हॅमिल्टनसारख्या सात वेळच्या विश्वविजेत्याच्या नाकातल्या चमकीवरून वाद झाला होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर कळलं, आगीत धातू तापतो आणि चामडीला चिकटतो. डॉक्टरला तपासणी करतानाही तो आड येतो.

हे सगळे नियम एखाद्या हुशार माणसाने टेबलाशी बसून लिहिलेले नाहीत. बहुतेक प्रत्येकामागे कुणीतरी गेलेला आहे. १९९४ सालच्या इमोलाच्या शर्यतीत शनिवारी रोलंड रॅट्झेनबर्गर गेला आणि रविवारी आयर्टन सेना. सेनाचं नाव जगाला माहीत, रॅट्झेनबर्गरचं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो. त्याच वर्षी पिट लेनमध्ये वेगमर्यादा आली. जिथे टायर बदलतात, माणसं उभी असतात ती गल्ली. ताशी ३०० च्या पुढे पळणारी गाडी तिथे साधारण ८० वर आणायची, मोनॅकोसारख्या अरुंद ठिकाणी ६० वर. सराव करताना मर्यादा ओलांडली तर जादा प्रत्येक किलोमीटरला १०० युरो. गल्लीत शिरल्यावर जगातला सगळ्यांत वेगवान माणूससुद्धा आपल्या रिक्षावाल्यापेक्षा शहाण्यासारखा वागतो, कारण तिथे माणसं उभी असतात.

आता झेंडे. माझं खातं तेच आहे, थोडं ऐकून घ्या. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. पांढरा म्हणजे पुढे संथ वाहन आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, तेल किंवा पाणी सांडलंय. काळ्यावर नारंगी गोळा आणि तुझा नंबर दाखवला तर तुझ्या गाडीत बिघाड आहे, ताबडतोब आत ये. नुसता काळा म्हणजे घरी जा. लाल म्हणजे शर्यत थांबली. हे सगळे सोपे, कारण त्यात चालकाला विचार करायला फारशी जागा नाही.

अवघड झेंडा पिवळा. पिवळा हलवला म्हणजे पुढे धोका आहे: वेग कमी कर, कुणाला ओलांडू नकोस. दोन पिवळे एकदम हलवले तर रस्ता पूर्ण किंवा थोडा अडलेला असू शकतो, रस्त्यावर माणसं असू शकतात, थांबायची तयारी ठेव. पण 'कमी कर' म्हणजे किती? ते बरीच वर्षं चालकाच्या मनावर होतं.

२०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची भारतातली पहिली शर्यत झाली. मी आणि कारखान्यातले तिघे रेल्वेने गेलो होतो. मार्शल म्हणून नव्हे, तिकीट काढून. शुक्रवारी सकाळी सराव सुरू झाला आणि मैदानात कोण आलं, तर एक भटकं कुत्रं. लाल झेंडा दाखवून सगळ्या गाड्या आत. जगभरातले पत्रकार हसले. आम्ही चौघं मान खाली घालून बसलो. त्याच सरावात दोन पिवळे झेंडे हलत असताना हॅमिल्टन आणि सर्जिओ पेरेझ यांनी वेग पुरेसा कमी केला नाही. दोघांना सुरुवातीच्या रांगेत तीन-तीन जागा मागे ढकललं. हॅमिल्टन दुसरा आला होता, पाचव्या जागेवरून निघाला. कुणाला खरचटलं नव्हतं, तरी शिक्षा झाली. अपघात होईपर्यंत वाट पाहायची नाही, हे मला तिथे फार आवडलं.

कुत्र्याचं सगळ्यांना आठवतं, ही शिक्षा कुणाला आठवत नाही.

आणि आता माझी गोष्ट.

१९८८ चा मे महिना. मी नुकताच डिप्लोमा संपवून घरी आलो होतो. माझ्याकडे काकांची येझदी, ह्याच्याकडे त्याच्या थोरल्या भावाची राजदूत. महाडला एका मित्राच्या घरी जेवायला गेलो होतो. परत येताना पैज लागली. माणगावच्या स्टँडवर जो दुसरा पोचेल त्याने मिसळ द्यायची. हेल्मेट आमच्यापैकी कुणाकडे नव्हतं. तेव्हा माणगावात हेल्मेट घातलेला माणूस दिसला असता तर पोरं त्याच्यामागे पळाली असती.

तेव्हाचा महामार्ग म्हणजे दोन गाड्या जेमतेम जातील एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं. संध्याकाळचे साडेसहा. लोणेरे मागे पडलं होतं. मी पुढे, तो पंधरा-वीस हात मागे. एक डावं वळण आलं. वळणाच्या तोंडाशीच रस्त्यावर निरगुडीच्या फांद्या टाकलेल्या. मग थोडं पुढे ओळीने चार-पाच धोंडे.

पोरांनो, तुम्हाला कदाचित माहीत नसेल, पण इथल्या जुन्या माणसांना विचारा. ट्रक बंद पडला की क्लीनर पहिल्यांदा फांद्या तोडायला जातो. रस्त्यावर हिरव्या फांद्या दिसल्या म्हणजे पुढे ट्रक उभा आहे. कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या वयाच्या प्रत्येकाला हे चौथीपासून ठाऊक होतं. तोच आपला पिवळा झेंडा.

मला फांद्या दिसल्या. त्यांचा अर्थही कळला. आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की मी आता हात सैल केला तर हा मला ओलांडून जाईल. मी हात सैल केला नाही.

वळण घेतलं तर पाटा तुटलेला ट्रक डावीकडे कललेला उभा. समोरून एक टेम्पो. मी दोघांच्या मधून कसा गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. मागे आवाज झाला. थांबून वळून पाहिलं तेव्हा राजदूत ट्रकच्या मागच्या कोपऱ्याखाली होती.

त्या टेम्पोवाल्याने त्याला उचललं, टेम्पोतले आंब्यांचे खोके रस्त्यावर काढून ठेवले आणि दवाखान्यात नेलं. त्या काळी अपघातग्रस्ताला हात लावायला लोक घाबरत, पोलिसांचं लचांड मागे लागेल म्हणून. त्या माणसाचं नावसुद्धा आम्हाला कळलं नाही. पुढे मुंबईत डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हा त्याचं वय होतं २१. जिल्ह्याच्या खो-खोच्या संघातला गडी. पीटीच्या सरांना आठवत असेल.

पण मला सांगायचंय ते पुढचं. तिथे गावातली माणसं जमली. विचारलं, काय झालं? मी म्हणालो, ट्रक दिवे न लावता उभा होता. हे खोटं नव्हतं. दिवे नव्हतेच, उजेड होता. लोकांनी ट्रकवाल्याच्या कानशिलात दोन लगावल्या. तो हात जोडून फांद्यांकडे बोट दाखवत होता, त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता. मी बघत उभा होतो. मी म्हणालो नाही, की अरे, त्याने फांद्या टाकल्या होत्या, मी पाहिल्या.

त्यानंतर ३६ वर्षं, माझ्या घरी, ह्याच्या घरी, तुमच्यापैकी कित्येकांना, मी हेच सांगत आलो: ट्रकला दिवे नव्हते. त्या ट्रकवाल्याने आपलं काम केलं होतं. झेंडा दाखवला होता.

गेल्या दिवाळीत मी ह्याच्या घरी जाऊन हे सांगितलं. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या होत्या. मनात म्हटलं, आता हा मला घराबाहेर काढेल. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "फांद्या मलापण दिसल्या होत्या रे. तू कमी करशील म्हणून मी थांबलो होतो."

दोघांनाही दिसल्या होत्या. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत होता.

हे वाक्य ऐकलं आणि मी ज्या खेळात तीस वर्षं झेंडा धरून उभा आहे, तो मला नव्याने कळला. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमध्ये सुझुकाच्या शर्यतीत पाऊस होता. एक गाडी घसरून बाहेर गेली होती, ती उचलायला क्रेन आली होती. तिथे दोन पिवळे झेंडे हलत होते. ज्यूल्स बियांकी नावाचा २५ वर्षांचा फ्रेंच मुलगा त्याच जागी घसरला आणि क्रेनवर आदळला. नऊ महिने बेशुद्ध राहून १७ जुलै २०१५ ला गेला. चौकशीत आलं, की त्याने वेग कमी केला होता, पण नियंत्रण सुटू नये इतका नाही. तो बेदरकार पोरगा नव्हता. पण शर्यतीत प्रत्येकाला वाटतं, मी जास्त कमी केला आणि मागच्याने थोडाच केला तर माझं नुकसान. मग सगळेच थोडाथोडाच कमी करतात. झेंडा सगळ्यांना दिसतो, वाचता सगळ्यांना येतो, आणि तरी.

यावर त्यांनी चालकांना उपदेश केला नाही. २०१५ पासून त्यांनी आभासी सेफ्टी कार आणली. म्हणजे प्रत्यक्ष गाडी न पाठवता एकाच क्षणी सगळ्यांच्या स्टीअरिंगवर सूचना येते आणि प्रत्येकाला एका ठरावीक वेळेपेक्षा जलद जाता येत नाही. सगळ्यांनी एकदम, सारखा कमी करायचा. कुणाचं नुकसान नाही, म्हणून कुणाला मोह नाही. १९८८ साली लोणेऱ्याच्या वळणावर आम्हाला असं कुणी एकदम कमी करायला लावलं असतं, तर मिसळ कुणी दिली असती एवढाच प्रश्न उरला असता.

नियम मोडणाऱ्याचं काय करतात, तेही सांगतो. १९९७ साली मायकेल शूमाकरने स्पेनमधल्या हेरेझला शेवटच्या शर्यतीत विजेतेपदासाठी झॅक विल्नव्हला धडक दिली. विल्नव्ह पुढे निघून गेला, शूमाकर खडीत अडकला. त्याचं त्या वर्षीचं दुसरं स्थान काढून घेतलं. आणि शिवाय काय सांगितलं? पुढच्या वर्षी सात दिवस युरोपातल्या रस्तासुरक्षेच्या मोहिमेत काम कर. म्हणजे आपल्या सरांनी 'मैदान झाड' म्हणून सांगावं तसंच.

२०१४ पासून फॉर्म्युला वनच्या चालकांच्या परवान्यावर दंडाचे गुण चढतात. बारा महिन्यांत १२ गुण झाले की एक शर्यत घरी. ही वेळ पहिल्यांदा २०२४ साली केविन मॅग्नुसनवर आली. यात एकही चूक फार मोठी असावी लागत नाही, छोट्या छोट्या साठून येतात. आणि आनंद झाला म्हणूनही सूट नाही. २०१३ साली बुद्ध सर्किटवरच सेबास्टियन वेटेल चौथ्यांदा विश्वविजेता झाला. त्याने लोकांसमोर गाडी गरागरा फिरवली, उतरून गाडीला नमस्कार केला. प्रेक्षक वेडे झाले. त्याला ताकीद मिळाली आणि संघाला २५,००० युरो दंड, कारण शर्यत संपल्यावर गाडी सरळ तपासणीच्या जागी न्यायची असते.

नियम राबवणाऱ्यालाही नियम असतात, आणि त्यातली एक गोष्ट आपल्या मुंबईच्या माणसाची आहे. नझीर हुसेन. १९८० पासून हिमालयन रॅली भरवणारे. भारतातल्या रॅलीच्या खेळात त्यांचं नाव फार मोठं. जुलै १९९८ मध्ये सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रांप्रीला जे तीन स्टुअर्ड होते, म्हणजे पंच, त्यांत ते होते. मुसळधार पाऊस, सेफ्टी कार बाहेर, आणि शूमाकरने मनाई असताना एकाला ओलांडलं. शिक्षा द्यायची ती गुन्ह्यापासून २५ मिनिटांत कळवायला हवी होती, कळवली ३१ मिनिटांनी. वर हाताने लिहिलेल्या कागदावरून नेमकी कोणती शिक्षा तेही धड कळत नव्हतं. फेरारीने शूमाकरला शेवटच्या फेरीत आत बोलावलं आणि तो पिट लेनमधूनच शेवटची रेषा ओलांडून जिंकला! पुढे शिक्षाही रद्द झाली, विजय कायम राहिला. आणि तिन्ही स्टुअर्डांनी आपले परवाने परत केले. हार पत्करणं सोपं नव्हतं, एवढ्या मोठ्या माणसांना तर नाहीच. मला शूमाकरच्या त्या विजयापेक्षा हे तीन परवाने जास्त लक्षात राहिले आहेत. का ते तुम्हाला आता कळलं असेल.

जाता जाता, आपली माणसं या खेळात कमी नाहीत. पुण्याचे संजय टकले परदेशांतल्या रॅली गाजवतात. कोल्हापूरचे कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्री चालवून आले. पुण्याच्याच डायना पुंडोळे यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय कार शर्यतीचं विजेतेपद घेतलं, हे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. मुलींनो, ऐकताय ना? आणि अलिबागकडच्या किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यती विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने त्या डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाल्या, पण नियमांसकट. धाव १,००० मीटरच्या आत. बैलालासुद्धा आता नियमाचं संरक्षण आहे.

रस्त्यावरच्या पैजेचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं १८९ कलम आहे. परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमच्यावर तेव्हा कुणी कारवाई केली नाही. करायला हवी होती.

रॅलीतला एक नियम शेवटी सांगतो, तो मला सगळ्यांत जवळचा. प्रत्येक गाडीत एक फलक असतो. एका बाजूला ओके, दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत एसओएस. गाडी बंद पडली किंवा उलटली, तर किमान ५० मीटर आधी लाल त्रिकोण ठेवायचा आणि मागून येणाऱ्यांना फलक दाखवायचा. ओके दिसलं तर पुढे जा. एसओएस दिसलं तर पहिल्या गाडीने थांबायचंच, मग तुम्ही जिंकत असा नाहीतर हरत असा. दुसऱ्या गाडीने पुढच्या वायरलेसच्या ठिकाणी जाऊन कळवायचं. बाकीच्यांनी रुग्णवाहिकेला वाट ठेवून थांबायचं. गेलेली वेळ त्यांना भरून देतात. न थांबणाऱ्यावर कारवाई होते. तो आंब्याचा टेम्पोवाला हा नियम न वाचता पाळून गेला. आता तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. आपलं नाव सांगायचीसुद्धा त्याच्यावर सक्ती नाही.

गेल्या रविवारी, १९ तारखेला, रेपोलीच्या अपघाताला दोन वर्षं झाली. मुंबईहून गुहागरकडे निघालेली गाडी आणि ट्रक. पहाटे. नऊ माणसं तिथेच गेली. गेल्या महिन्यात ताम्हिणीत वऱ्हाडाची बस उलटली, पाच गेले. आपल्या गावाला वळसा घालणारा रस्ता अजून पुरा झालेला नाही, तोवर सगळी वाहतूक आपल्या दारातून जाणार. तो कधी होईल हे आपल्या हातात नाही.

आपल्या हातात एक आहे, आणि ते बोलायलाच मी आलो. आम्ही दोघांनी ठरवलंय. शाळा सुटताना महामार्ग ओलांडण्याच्या जागी आणि गणपतीच्या आधीच्या आठ दिवसांत बाजाराच्या नाक्यावर माणसं उभी करायची, पोलिसांना विचारून, त्यांच्या हाताखाली. चमकणारी जॅकेटं, झेंडे आणि शिट्ट्या आमच्याकडून. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ठेवायला वीस लाल त्रिकोणही घेतलेत, ते नाक्यावरच्या गॅरेजवाल्यांकडे ठेवू. निरगुडी आता मिळत नाही, रस्ता रुंद करताना झाडं गेली. शिकवायचं काम माझं. दोन रविवार पुरतात. पहिला धडा एवढाच, की येणाऱ्या वाहतुकीकडे कधी पाठ करायची नाही. हजेरी आणि हिशोब ह्याच्याकडे, तो गणितात माझ्यापेक्षा कायम पुढे होता.

तीस माणसं हवीत. आपल्या बॅचचे बरेच जण आता निवृत्त झालेत किंवा होत आलेत, तेव्हा वेळ नाही हे कारण चालणार नाही. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी खुर्चीची सोय करतो. जेवणाच्या मंडपात पाण्याच्या पिंपाशेजारी तो वही घेऊन बसणार आहे. पहिलं नाव पीटीच्या सरांनी मघाशी येतानाच लिहिलं. वय ८१. दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.